नवा जन्म आणि मायबोली : वऱ्हाडातील ख्रिस्ती जीवनाचा एक धडा



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राज्यकर्ते यांची अपेक्षा असते. आज मी ज्या घटनांविषयी बोलणार आहे, त्यांत एकही लढाई नाही. रेल्वेच्या डब्यात दोन प्रवाशांचे झालेले बोलणे, केडगावच्या आश्रमातील मुलींची प्रार्थना, छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या स्त्रिया आणि आपल्या यवतमाळात निघालेले एक लहानसे विद्यालय, एवढाच या कथेचा ऐवज आहे. तरीही तो आपल्या इतिहासात धरावा लागतो. कारण माणसे आतून कशी बदलली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न या जिल्ह्याला परका नाही.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. धर्मांतर आणि नवजीवन या दोन गोष्टी आपण नेहमी एकच समजतो. धर्मांतर करणाऱ्यालाही तसे वाटते आणि त्याला विरोध करणाऱ्यालाही तसेच वाटते. परंतु धर्मांतर ही एका दिवसाची घटना आहे. तिची नोंद वहीत होते, शिरगणतीच्या रकान्यात होते. नवजीवनाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. कित्येकदा ते धर्मांतरानंतर वर्षानुवर्षे येतच नाही; आले तर अगदी निराळ्या वाटेने येते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास मी जो वाचला, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ही वाट दोन ठिकाणांवरून गेली. एक ठिकाण म्हणजे मायबोलीत उतरलेले शास्त्र आणि दुसरे म्हणजे बरोबरीच्या माणसांची संगत. ज्या ज्या वेळी ही दोन्ही एकत्र आली, त्या त्या वेळी जीवन नवे झाले. जेथे एक होते आणि दुसरे नव्हते, तेथे नुसती संस्था उरली.

हा भेद मी माझ्या पदरचा सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात जे मिशन आले, त्याच्या मुळातच तो आहे. म्हणून थोडे दूर जाऊन इंग्लंडपासून आरंभ करतो. जॉन वेस्ली हा १७२८ साली धर्मगुरू झाला. उपास, प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांची सेवा यांत त्याने काही कसूर केली नव्हती. अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत तो धर्मप्रचारासाठी गेला आणि निराश होऊन परत आला. दुसऱ्यांना ज्या श्रद्धेचा उपदेश करावयाचा, ती आपल्याच ठिकाणी नाही, अशी टोचणी त्याला लागली होती. २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी लंडनमधील ऑल्डर्सगेट स्ट्रीट येथील एका लहानशा बैठकीत तो फारशा उत्साहाने गेला नव्हता. तेथे कोणीतरी रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरील लूथरची प्रस्तावना वाचून दाखवीत होते. ते ऐकता ऐकता त्याच्या अंतःकरणात काही निराळेच घडले आणि त्याचे उरलेले आयुष्य पालटले. दीक्षा घेऊन दहा वर्षे झालेल्या धर्मगुरूला नवजीवन मिळाले ते असे : मोजकी माणसे, मोठ्याने वाचलेले शास्त्राचे विवेचन, आणि तेही त्याला समजणाऱ्या भाषेत.

पुढे वेस्लीच्या अनुयायांत बारा-बारा जणांचे वर्ग निघाले. त्यांचा उगम मोठा व्यावहारिक होता. १७४२ साली ब्रिस्टल येथील सभागृहावर कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करावी आणि त्यासाठी एकेकाने अकरा-बारा घरे वाटून घ्यावीत, असे ठरले. पैसे मागण्यास घरोघर जाणारा माणूस हळूहळू घरातील आजार, भांडण, दारू, कर्ज हेही विचारू लागला. वर्गणीचा वर्ग हा मनाच्या विचारपुशीचा वर्ग झाला. आपल्याकडे भिशीच्या निमित्ताने जमलेल्या बाया एकमेकींच्या सुखदुःखाच्या वाटेकरी होतात, तसाच हा प्रकार.

या परंपरेतील अमेरिकन शाखेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास श्रीमंती शिरली. चर्चमधील बाके भाड्याने देण्याची पद्धत पडली. पैसेवाल्याचे बाक पुढे आणि गरिबाने मागे उभे राहावे. गुलामगिरीच्या प्रश्नावर बोटचेपेपणा सुरू झाला. याला विरोध करणाऱ्यांनी बी. टी. रॉबर्ट्स यांच्या पुढारपणाखाली १८६० साली न्यूयॉर्क राज्यात वेगळा पंथ स्थापिला. त्याचे नाव फ्री मेथडिस्ट. या 'फ्री' शब्दात बाक फुकट आणि गुलाम मोकळा हे दोन्ही अर्थ आहेत. यवतमाळात हे नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. त्याचा हा अर्थ किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

या पंथाचे अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी वॉर्ड हे १८८१ च्या आरंभी हिंदुस्थानात उतरले. कोणत्याही मंडळाच्या पगाराची हमी त्यांनी घेतली नव्हती. बुऱ्हाणपूर आणि एलिचपूर या बाजूस त्यांनी कामाला आरंभ केला. पुढे त्या शतकाच्या अखेरच्या दशकात यवतमाळ हे या मिशनचे मुख्य ठाणे झाले. त्या वेळचे वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभारात गेला होता. कापसाला भाव होता, काळी जमीन होती, आणि तरी कुळाच्या डोक्यावर सावकाराचे ओझे होते. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. अशा मुलखात परदेशी जोडप्याने येऊन नव्या जन्माची गोष्ट सांगावी, यात नवलही होते आणि संशयालाही जागा होती. राज्यकर्त्यांच्या रंगाचा माणूस धर्म सांगू लागला, म्हणजे ऐकणारा त्याचे शब्द तोलून घेणारच.

वॉर्डसाहेबांच्या हातून एक गोष्ट घडली, तिचे महत्त्व त्यांना स्वतःलाही त्या क्षणी कळले नसावे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एक तरुण ब्राह्मण कवी बसला होता. दापोलीजवळच्या करजगावचा त्याचा जन्म, नाशिकचे शिक्षण, संस्कृतचा व्यासंग. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्याने ग्रंथसंपादनाचे काम केले होते आणि आता नोकरीसाठी तो पुढे चालला होता. जातिभेद नसलेला, मूर्ती नसलेला एखादा नवा धर्म आपणच काढावा, असे विचार त्याच्या मनात घोळत होते. हा तरुण म्हणजे नारायण वामन टिळक. त्याच डब्यात एक गोरा गृहस्थ होता. दोघांत काव्यावरून बोलणे निघाले, धर्मावर आले. त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार भेट दिला आणि हे पुस्तक मनापासून वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. हा गृहस्थ अर्नेस्ट वॉर्ड होता, असे पुढे ओळखले गेले. पुस्तक वाचावयाचे असे टिळकांनी वचन दिले होते म्हणून ते वाचू लागले. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना ते बाजूस ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे आपण थांबलो, तर ही एका धर्मांतराची गोष्ट होईल आणि तिचा शेवट गोड मानावा लागेल. प्रत्यक्षात तो गोड नव्हता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे नवरा-बायकोची ताटातूट झाली. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही ते दिवस विसरता येणार नाहीत. लक्ष्मीबाई नंतर टिळकांकडे आल्या, परंतु त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळे-ओवळे, पाणी, ताट यांवरून त्यांचे स्वतःशीच किती दिवस झगडणे चालले, आणि भेद माणसाने केलेले आहेत, ते देवाने केलेले नाहीत, या निर्णयास त्या स्वतःच्या विचाराने कशा आल्या, हे त्यांनी कसलाही आव न आणता सांगितले आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे जाऊन घेतलेला हा धर्म नव्हता. त्यांचा नवा जन्म त्यांच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी झाला.

आता शास्त्राच्या भाषेकडे वळू. टिळकांच्या हाती पुस्तक आले खरे. पण ते पुस्तक सामान्य मराठी माणसाच्या हाती कोणत्या रूपात होते? सोळाशे सोळा साली गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध केले आणि मराठीचे गुण गाइले. परंतु ते शास्त्राचे भाषांतर नव्हे. भाषांतराचा उद्योग बंगालमध्ये सुरू झाला. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्यांच्या हाताशी असलेले वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे. म्हणजे मराठीतील छापील शुभवर्तमानाच्या पहिल्या प्रयत्नात आपल्या बाजूच्या बोलीचा हात लागला होता. मुंबईला १८१३ साली अमेरिकन मिशनरी आले, तेव्हा त्यांना ती भाषा तिकडच्या लोकांना परकी वाटेल असे दिसले. गॉर्डन हॉल यांनी नव्याने काम मांडले. १८२६ साली नवा करार निघाला आणि त्याच वर्षी हॉल नाशिककडे प्रवासात पटकीने वारले. संपूर्ण बायबल मराठीत यावयास १८४७ साल उजाडले. बाबा पदमनजींसारख्या मराठी पंडितांचे हात पुढे या कामास लागले, तेव्हा भाषा सुधारली. परंतु ती पंडितांच्या वळणाची राहिली. शहरातील शिकलेल्या माणसाला ती कळे. खेड्यातील बाईला ती देवळातील मंत्रासारखी लांबूनच ऐकावी लागे.

ही अडचण ज्या एका व्यक्तीच्या काळजाला भिडली, ती म्हणजे पंडिता रमाबाई. वेस्लीच्या बाबतीत जो भेद आपण पाहिला, तो रमाबाईंच्या चरित्रात तर आरशासारखा दिसतो. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. नंतर अमेरिका, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुण्याचा वाद, सर्व काही झाले. तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या निवेदनात त्या सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. आणि तो मिळावयास १८९१ साल यावे लागले. केवढा हा प्रामाणिकपणा! ज्या धर्मांतरावरून सारा महाराष्ट्र हादरला, त्या धर्मांतरानंतर आठ वर्षे त्या स्वतःला रिकाम्या समजत होत्या.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. वऱ्हाडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी तो 'छप्पन'चा दुष्काळ म्हणून पुढे कितीतरी वर्षे होता. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती; १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. या काळात आपल्याकडील मिशननेही अनाथ मुले सांभाळली. केडगाव आणि यवतमाळ यांना जोडणारा आणखी एक धागा आहे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ज्या चेसबरो विद्यालयात शिकल्या, ते फ्री मेथडिस्टांचेच विद्यालय होते.

केडगावात हजारावर मुली जमल्या, त्यांना अन्न मिळाले, हाताला उद्योग मिळाला, बाप्तिस्मेही झाले. परंतु एवढ्याने त्यांची मने सावरली नव्हती. भुकेने आईबाप गेलेले डोळ्यांनी पाहिलेली ही लेकरे. रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी आश्रमात प्रार्थनेसाठी एक गट केला. प्रारंभी सत्तर जणी होत्या. जून महिन्यापर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. ३० जून रोजी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय सांगत असताना सर्व मुली एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, चुकांची कबुली, आणि मग गाणे, असे दिवसचे दिवस चालले. वेल्समध्ये १९०४ साली आणि खासी टेकड्यांत त्यानंतर जे जागरण झाले होते, त्याची वार्ता केडगावास पोहोचलेली होती. कित्येक युरोपियनांना हा गोंगाट आवडला नाही. त्यावर रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदी लोकांचे हृदय हलावयाचे तर ते हिंदी लोकांच्या स्वभावाप्रमाणेच हलेल. त्यासाठी पाश्चात्त्यांचा शिष्टाचार मोजपट्टी म्हणून लावू नये. टाळ-मृदंगाच्या नादात देहभान विसरणाऱ्या महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु रमाबाईंची थोरवी त्या रडण्या-गाण्यात नाही, ती त्यानंतरच्या कामात आहे. भावनेचा पूर ओसरतो, हे त्यांना कळत होते. पूर ओसरल्यावर जमिनीत ओल राहावयाची असेल, तर शास्त्र मुलींना स्वतः वाचता आले पाहिजे आणि वाचलेले समजले पाहिजे. म्हणून वयाच्या उतारात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यास बसल्या. जोडाक्षरांचा आणि संस्कृत शब्दांचा सोस नाही, अल्पशिक्षित बाईला एकटीला बसून वाचता येईल अशी भाषा. छापखाना आश्रमातला, खिळे जुळविणाऱ्या आश्रमातल्याच स्त्रिया. संस्कृतात ज्यांनी कलकत्त्याच्या पंडितांना चकित केले, त्या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे संस्कृत शब्द टाळण्यात घालविली! १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. म्हातारपणी एकुलती एक मुलगी गेल्यावरही त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. माझ्या मते त्या ग्रंथात भाषेच्या दृष्टीने उणिवा दाखविता येतील, आणि तो सर्वत्र रूढही झाला नाही. परंतु शास्त्र कोणासाठी, या प्रश्नाचे त्याइतके सरळ उत्तर मराठीत दुसऱ्या कोणी दिले असे मला वाटत नाही.

येथे एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो श्रोत्यांच्या मनात असणारच. दुष्काळात अन्न देऊन धर्म देणे हे कोणते नवजीवन? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. उपाशी माणसाची निवड ही पुरती निवड नसते. अनाथ मुलाला तर निवड नव्हतीच. परंतु हाच आक्षेप आपल्या भेदाला बळ देतो. अन्नाबरोबर आलेला धर्म हा फक्त वहीतील धर्म असू शकतो. आणि रमाबाईंनीच तो पुरेसा मानला नाही. दुसरीही एक बाजू आहे. ज्यांना गावात पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, त्यांना प्रभुभोजनाच्या वेळी इतरांबरोबर एकाच भाकरीचा तुकडा मिळू लागला. त्यांच्या दृष्टीने हा केवढा पालट होता, हे पोट भरलेल्याने मोजू नये. मात्र जात चर्चच्या दारातच थांबली, असेही म्हणता येत नाही. सोयरिकी जुळविताना ती आत आली. मिशनच्या नोकरीत आणि मानपानातही आली. फुकट बाकांसाठी जन्मलेल्या पंथांनासुद्धा ही भाड्याची बाके पुरती हलविता आली नाहीत.

ही गोष्ट टिळकांना सर्वांत जास्त खुपत होती. १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून केले, अभंग व भजने लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मराठी मंडळींच्या तोंडी परदेशी चालींची भाषांतरित गीते होती. टिळकांनी त्यांना आपल्या चालीची दिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. तरी त्यांचे समाधान होईना. मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी, मिशनच्या आवारात राहणारी मंडळी, वर साहेब आणि खाली एतद्देशीय, या रचनेत बंधुत्व कसे येणार? १९१७ साली, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तप्रेमी या दरबारात बरोबरीने बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार दिवस चालला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्याच्या धर्मांतराने जिचा संसार मोडला होता, तीच बाई त्याच्या श्रद्धेचे काव्य पुरे करावयास बसली! नवजीवनाचा याहून मोठा पुरावा इतिहासाला आणखी कोणता हवा?

आता आपण पुन्हा यवतमाळास येऊ. टिळक आणि रमाबाई यांच्या हयातीत जे प्रश्न उभे राहिले, तेच या जिल्ह्यातील लहान लहान मंडळींपुढे होते. 'मंडळी' हा शब्दच पाहा. आपल्या बोलीत मंडळी म्हणजे घरची माणसे. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे उपासक समाज. शब्द नेमका मिळाला. त्याला साजेसे जीवन मिळावयास मात्र गावोगाव शिकवणारी मराठी माणसे हवी होती. मिशनकडे शाळा होत्या, उमरीला दवाखाना झाला, पण खेड्यातील दहा-वीस घरांच्या मंडळीला शास्त्र उलगडून सांगणारा माणूस तिच्यातूनच निर्माण व्हावा, ही गरज उरली. त्यासाठी १९३८ साली फ्री मेथडिस्टांनी यवतमाळात मराठी माध्यमाचे बायबल विद्यालय काढले. माध्यम मराठी, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. ज्या भाषेत शिकला त्याच भाषेत तो रात्री कंदिलापुढे बसून सांगणार.

या विद्यालयाचे भाग्य पुढे फार मोठे झाले. इतर मिशनेही त्यात सहभागी झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी किती दिवस राहतील याचा भरवसा नव्हता, आणि हिंदी मंडळींना आपल्या पायांवर उभे राहणे भाग होते. १९५१ साली निरनिराळ्या पंथांतील मंडळींनी इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही संघटना स्थापन केली. मंडळ्यांमध्ये आध्यात्मिक जागृती व्हावी, हाच तिचा मुख्य हेतू होता. या संघटनेच्या पुढाकाराने १९५३ साली यवतमाळच्या विद्यालयाचे युनियन बिब्लिकल सेमिनरीत रूपांतर झाले. डॉ. फ्रँक क्लाइन हे तिचे पहिले प्राचार्य. पुढे डॉ. सफीर अत्याल यांच्या रूपाने तिला हिंदी प्राचार्य लाभले. केरळ, आंध्र, ईशान्येकडील डोंगरी मुलूख, अशा दूरदूरच्या ठिकाणांहून विद्यार्थी येऊ लागले. धामणगावास गाडीतून उतरावे आणि मोटारीने यवतमाळ गाठावे. मुर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची शकुंतला होतीच. कापसाच्या या गावाचे नाव देशातील आणि परदेशातील धर्मशिक्षणाच्या जगात ऐकू येऊ लागले. अनेक प्रांतांचे आणि अनेक पंथांचे विद्यार्थी एका आवारात राहतात, एका पंगतीला जेवतात, हा अनुभव त्यांना अन्यत्र मिळाला नसता. संगतीचे एक मोठे दालन आपल्या गावात उघडले, यात शंका नाही.

परंतु या भरभराटीची किंमतही पाहिली पाहिजे. अखिल भारतीय विद्यालयाला मराठी माध्यम पुरणारे नव्हते. ते इंग्रजी झाले. ज्या भाषेसाठी विद्यालय निघाले होते, ती वर्गातून मागे सरली. १९८३ साली सेमिनरी पुण्यास बिबवेवाडीला गेली. मोठे शहर, मोठी क्षेत्रे. संस्थेच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे, आणि ती तेथे आजही चालू आहे. त्याचा दोष मी कोणास देत नाही. फक्त इतिहास म्हणून एवढे नोंदवितो की, यवतमाळने देशाला एक मोठी संस्था दिली आणि स्वतःच्या खेड्यांसाठी ज्या लहान विद्यालयाची गरज होती, ते या मोठेपणात विरून गेले.

मग येथे उरले काय? माझे उत्तर असे आहे की, जे मुळात होते तेच उरले, आणि ते थोडे नाही. रविवारी मराठीत उपासना होते, टिळकांची गीते पेटीवर म्हटली जातात, आजाऱ्याच्या अंथरुणाशी चार माणसे जमून स्तोत्रसंहिता वाचतात, नाताळात गाणारी मुले घरोघर फिरतात. कापसाचे पीक बुडाल्यावर आणि कर्जाने माणूस हताश झाल्यावर या जिल्ह्यात काय घडते, हे मी आपणास सांगावयास नको. अशा रात्री त्या माणसाच्या दाराशी कोण येऊन बसते आणि कोणत्या भाषेत बोलते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ब्रिस्टलचा पेनी मागणारा माणूस दाराशी आला आणि विचारपूस करू लागला, तेथून जे सुरू झाले, ते काम अजून संपलेले नाही.

ही गोष्ट केवळ ख्रिस्ती बांधवांपुरती आहे, असे कोणी समजू नये. याच विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना खेड्याखेड्यांत नेली आणि ती लोकांच्या बोलीत नेली. याच विदर्भात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या लोकांपुढेही दीक्षेनंतर विहार, ग्रंथवाचन आणि संघजीवन यांचा प्रश्न आलाच. वाटा निराळ्या, श्रद्धा निराळ्या. परंतु दीक्षेचा दिवस हा आरंभ असतो, हा धडा सर्वांना सारखाच लागू आहे.

भाषेचा धागाही तुटलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळात भरले होते. त्याच्या पुढच्याच, २०२० साली उस्मानाबादेस भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांना मिळाले. केरींच्या हाताखालील वैजनाथ पंडितांपासून केडगावच्या खिळे जुळविणाऱ्या बायांपर्यंत आणि तेथून वसईपर्यंत, शास्त्र मराठीत बोलावे म्हणून झिजलेल्या माणसांची ही एक दिंडीच आहे.

श्रोतेहो, रेल्वेच्या डब्यात वॉर्डसाहेबांनी टिळकांना दिलेले पुस्तक लहानसे होते. ते देऊन तो माणूस आपल्या कामाला निघून गेला. पुढे त्या पुस्तकाचे अभंग झाले, कीर्तन झाले, दरबार झाला, लक्ष्मीबाईंचे अध्याय झाले. देणाऱ्याचे काम देण्यापुरते. त्याचे जीवन करण्याचे काम घेणाऱ्याचे, त्याच्या भाषेचे आणि त्याच्या सोबत्यांचे. यवतमाळच्या मंडळींना या शहरातून गेलेल्या मोठ्या संस्थेची हळहळ वाटत असेल, तर ती स्वाभाविक आहे. परंतु १९३८ साली ज्या गरजेपोटी ते विद्यालय निघाले, ती गरज आजही येथेच आहे. ती भागविण्यास फार मोठी इमारत लागत नाही. दहा-बारा माणसे, एक पुस्तक आणि आपली मराठी एवढे पुरते.